पपईचं घर

तैवानच्या डोंगराळ रुईफांगमध्ये पाऊस पडतोय असं कोणी कोणाला सांगत नाही. पडत नसला, तरच लोक एकमेकांना थांबवून सांगतात. त्या दिवशी पाऊस होता आणि धुकंही होतं. डोंगरावरून उतरून ते स्टेशनमागच्या गल्लीत शिरलं होतं आणि समोरच्या केशकर्तनालयाचा गुलाबी दिवा तेवढा त्यात विरघळल्यासारखा दिसत होता. लोआन बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या पुढच्या खोलीत स्टुलावर बसून बांबूचे कोंब सोलत होती. तेवढ्यात दार सरकलं आणि वान-जू आत आली. पाठीवर एक बॅग, पोटाशी दुसरी. पोटाशी धरलेल्या बॅगेवर तिने दोन्ही हात गुंफले होते.

"जेवलीस?" लोआनने विचारलं.

"गाडीत खाल्लं."

"आणि पोटाशी काय धरलंयस? मांजर?"

"नाही."

"मग काय, मूल?"

"मावशी, काहीतरीच काय बोलतेस!"

वान-जूने बॅग हळूच जमिनीवर ठेवली, चेन उघडली. आत सुती पिशवी, पिशवीला गाठ. गाठ सुटली तसं त्यातून एक निमुळतं डोकं वर आलं. पिकल्या पपईच्या गराचा रंग असतो ना, अगदी तसलं. पाठोपाठ मान आली. तिला मान म्हणायचं, कारण पुढे सगळी मानच होती. तांबूस, केशरी, कडेने काळपट रेघ असलेले ठिपके. हातभर बाहेर येऊन ते जनावर थांबलं आणि खोलीचा वास घेऊ लागलं.

लोआन दचकली नाही. मान तिरकी करून तिने लांबी अजमावली, मग जाडी अजमावली.

"हाडंच फार निघतील," ती म्हणाली. "मुगाच्या पेजेत घालायचा तर अजून वर्षभर पोसावा लागेल."

"मावशी!"

"बरं बरं. विषारी नाही ना?"

"नाही. कॉर्न स्नेक आहे. मादी आहे. नाव पपई."

"नावसुद्धा खाण्याचंच ठेवलंस, आणि मला हसतेस," लोआन म्हणाली आणि पुन्हा कोंब सोलू लागली. पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून ती बघत राहिली. व्हिएतनाममधल्या आन ज्यांगच्या पूरक्षेत्रात जन्मलेल्या बाईला साप नवा नव्हता. नवा होता तो सापाला धरून बसलेला वान-जूचा हात. इतका हलका हात या मुलीने कधी कोणावर ठेवलेला तिने पाहिला नव्हता.

लोआन या घरात आली तेव्हा वान-जू आठ वर्षांची होती. तिची आई बी-युन वर्षभरापूर्वीच काउश्युंगला निघून गेली होती, आणि छिऊ मास्तर म्हणजे वान-जूचे वडील दिवसभर लोकांचे लग्नाचे फोटो काढून रात्री नूडल्सच्या दुकानातून डबा आणत होते. मध्यस्थामार्फत लग्न ठरलं, लोआन विमानाने आली आणि चिनी भाषेचा एक शब्दही येत नसताना स्टुडिओत दिवा धरून उभी राहू लागली. पोरगी भांडली नाही, रडली नाही. ताटातली कोथिंबीर तेवढी निवडून बाजूला ठेवायची आणि "झालं माझं, मावशी" म्हणून उठायची. पुढे ती ताइपेला शिकायला गेली, तिथेच एका दातांच्या दवाखान्यात कामाला लागली. दोन हिवाळ्यांपूर्वी मास्तर गेले, तेव्हा येऊन सगळं नीट करून परत गेली. आता दवाखाना बंद झाला होता. "थोडे दिवस राहते इथे," ती म्हणाली, आणि लोआनने वरच्या खोलीत गादी घातली.

पपई एका प्लास्टिकच्या खोक्यात राहायची. झाकणाला भोकं, आत लाकडाचा भुसा, पाण्याची वाटी आणि उलटी ठेवलेली नारळाची करवंटी. थोड्याच दिवसांत लोआनच्या लक्षात आलं की संध्याकाळ झाली की पपई खोक्याच्या कडेकडेने फिरते. एक फेरी, दुसरी, तिसरी. मग नाक कोपऱ्यात लावून थांबते.

"हिला जागा पुरत नाही," एकदा जेवताना लोआन म्हणाली.

"माहितीये. वाढलीये ती. विकतची पेटी बघितली, पण नको वाटतं मला. सगळ्या एकसारख्या, औषधाच्या कपाटासारख्या." वान-जू भातात काड्या फिरवत राहिली. "स्वतः बांधावी म्हणते."

"मग बांध की. मास्तरांची हत्यारं आहेत. कशात बांधायची?"

वान-जूची नजर पुढच्या खोलीकडे गेली आणि लगेच ताटात परत आली. लोआननेही तिकडे पाहिलं आणि तिनेही ताटात पाहिलं.

तिकडे दर्शनी शोकेस होतं. गल्लीच्या बाजूने एकसंध जाड काच, बाकी तिन्ही बाजूंनी लाकूड, आणि दुकानाच्या आतून उघडायला डाव्या कडेला एक अरुंद दार. मास्तरांनी तरुणपणी स्वतः बनवलेलं. पुरुषभर उंच, चांगलं तीन हात लांब. तोंड उत्तरेला, म्हणून ऊन थेट कधी यायचं नाही. सापाच्या घराला याहून चांगला सांगाडा शोधून सापडला नसता. पण त्यात बिनडोक्याचा एक पुतळा उभा होता आणि त्याच्या अंगावर पांढरा लग्नाचा झगा होता. मोत्यांची कॉलर, पायघोळ घेर. बी-युनचा झगा.

लोआन आली तेव्हाही तो तिथेच होता. पहिल्या आठवड्यात तिने मऊ ब्रशने त्याच्यावरची धूळ झटकली आणि मग दर आठवड्याला झटकत आली. पाठीमागून तो पिनांनी आवळलेला होता. त्या पिना बघून तिला वाटायचं, काय बारीक कंबर असेल हिची! आणि त्या दिवशी ती भात थोडा कमी खायची.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघी भलत्याच कामात राहिल्या. वान-जूने हातोडे, पटाशी, ड्रिल काढून पुसून ठेवले. पान्यांना तेल दिलं. लोआनने भोपळा चिरला, मग न लागणारा आणखी एक चिरला. शोकेसचा विषय कोणी काढेना. शेवटी दुपारी बाहेर धुकं इतकं दाटलं की समोरचा गुलाबी दिवासुद्धा दिसेनासा झाला, आणि अशा वेळी माणूस बोलायचं नाही ते बोलून जातो.

"शोकेसमध्ये झालं असतं," वान-जू म्हणाली.

"मलाही तेच वाटलं."

"पण जाऊ दे. तू तो झगा इतकी वर्षं सांभाळलायस..."

"मी?" लोआनच्या हातातली सुरी थांबली. "मी कशाला सांभाळू? तुझ्या आईचा आहे. तुझ्यासाठी ठेवला."

"माझ्यासाठी?" वान-जू तिच्याकडे बघतच राहिली. "मावशी, मी शाळेतून येताना मान खाली घालून यायचे! ती बिनडोक्याची बाई रोज दारात उभी. पोरं म्हणायची, बघ तुझी आई, डोकं विसरून गेली. मला वाटायचं, बाबांनी तुला सांगितलंय, हात लावायचा नाही म्हणून."

"तुझे बाबा दोनदा काढायला निघाले होते. मीच नको म्हटलं. म्हटलं, पोरगी घरी येते तेव्हा निदान आईचं काहीतरी तिच्या नजरेला पडतं."

"आणि बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. 'तुला आवडतो होय?' म्हणाले आणि हसले."

मग वान-जू उठली. "थांब. जिचा आहे तिलाच विचारू. काय करायचं ते ती सांगेल." तिने काउश्युंगला फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन भोपळ्याच्या फोडींशेजारी ठेवला. लोआनने एप्रनला हात पुसले, केस कानामागे सारले. जणू फोनमधून कोणी तिला बघणार होतं.

"कसला झगा?" पलीकडून बी-युनचा आवाज आला. मागे कुठेतरी टीव्ही चालू होता.

"तुझ्या लग्नाचा, आई. शोकेसमधला. पांढरा, मोत्यांची कॉलर असलेला."

"पांढरा? मी लाल घातला होता. तोही भाड्याचा, दुसऱ्या दिवशी परत केला."

"मग हा?"

"अगं, तो नमुन्याचा! कीलुंगमधलं एक दुकान बुडालं, तिथून तुझ्या बाबांनी पुतळ्यासकट उचलून आणला. त्याला पाठच नाही धड, पिना लावून उभा केलाय. अजून आहे तो? उंदरांनी खाल्ला नाही?"

वान-जूने ओठ घट्ट मिटले. लोआनने मान वळवली. पण तिचे खांदे हलू लागले होते.

"तिथे कोण हसतंय?" बी-युनने विचारलं. "लोआन का?"

"हो, ताई. मीच," लोआन कशीबशी म्हणाली. "मी तो दर आठवड्याला झटकायचे हो."

पलीकडे क्षणभर नुसता टीव्ही ऐकू आला. मग बी-युनही हसायला लागली, आधी नाकातल्या नाकात, मग मोकळेपणाने. "मला एक पत्र तरी टाकायचंस, बाई! फुकट राबलीस." मग आवाज जरा खाली आला. "त्या शोकेसचं काय करणार आहात?"

"सापाचं घर," वान-जूने सांगितलं.

"मी फोन ठेवते," बी-युन म्हणाली आणि खरंच ठेवला.

झगा समोरच्या त्साओ काकूंनी नेला. काकूंचं केशकर्तनालय तीस वर्षं जुनं आणि जीभ त्याहून जुनी. "द्या इकडे. डोक्याशिवाय आहे ना? डोक्यांना माझ्याकडे काय तोटा!" असं म्हणून त्यांनी पुतळा काखेत मारला, गल्ली ओलांडली आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या मानेवर कुरळ्या केसांचा टोप चढवून काचेत उभा केला. लोआन चहा पिता पिता त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या लांबून तो झगा कोणाचाच वाटत नव्हता.

मग काम सुरू झालं. ते दिवस लोआनला पुढे आठवायचे ते झोपेत ऐकलेल्या आवाजांसारखे; कुठला आधी, कुठला नंतर, ते सांगता आलं नसतं. बाहेर संथ झिमझिम, आत ड्रिलची घरघर, आणि मध्येच स्टेशनातून गाडी निघाल्याची शिट्टी धुक्यातून पोहत यायची. वान-जूने मास्तरांनी जपून ठेवलेली एक जुनी रुंद फळी शोकेसमध्ये आडवी घालून दोन भाग केले. खालचा वायरींसाठी, वरचा पपईसाठी. एका बाजूला तळाशी हवेची भोकं पाडली, दुसऱ्या बाजूला वर.

"दोन्ही वरच का नाही?" लोआनने विचारलं.

"एका बाजूला दिवा येणार. तिथली हवा तापून वर जाईल, आणि खालून थंड आत येईल. तिला एक कोपरा उबेचा लागतो, एक गार. कुठे बसायचं ते ती ठरवणार."

"आमच्यापेक्षा बरी सोय आहे," लोआन म्हणाली. "मी आले तेव्हा मला दोन्ही कोपरे गारच होते."

बोलून झाल्यावर ती स्वतःच चपापली. असं काही ती आजवर बोलली नव्हती. वान-जूने ड्रिल बंद केलं, पण वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने ती उठून आत गेली आणि लोआनचा जाड स्वेटर आणून तिच्या मांडीवर टाकला. मग पुन्हा ड्रिल सुरू झालं.

भोकांना आतून बारीक जाळी लागली. काचेच्या कडेची फट सिलिकॉनने भरली, तर घरभर व्हिनेगरचा वास सुटला. वास पूर्ण जाईपर्यंत साप आत ठेवायचा नाही, असं वान-जूने सांगितलं, म्हणून दार उघडं टाकून ठेवलं. दिव्याला तारेचा पिंजरा बसवला, म्हणजे पपई त्याला विळखा घालून भाजणार नाही. पेरूची एक वाकडी फांदी लोआनने मागच्या परसातून आणली, उकळत्या पाण्याने धुतली, दोन दिवस चुलीशेजारी सुकवली. फांदी आत तिरकी बसवताना दोघींचे हात त्या अरुंद दारातून एकदम आत गेले आणि अडकले.

"तू काढ आधी."

"माझं कोपर अडकलंय. तूच काढ."

"पपई बघतेय आपल्याकडे. म्हणत असेल, या दोघींना आत ठेवा आणि मला बाहेर."

सगळं तयार झालं तशी वान-जूने पपईला आत सोडलं. ती फांदीवर गेली नाही, उबेला गेली नाही. तळावरून सरळ हवेच्या जाळीपाशी गेली, नाक तिथे टेकवलं आणि तशीच राहिली. मधूनच तोंड किंचित उघडायची, मिटायची.

"नवं घर आहे. बुजलीये," वान-जू म्हणाली.

लोआन गुडघ्यांवर बसली. तिने त्या अरुंद दारातून डोकं आत घातलं आणि एक खोल श्वास घेतला. सिलिकॉनचा वास उरला नव्हता. पण दुसरा होता, गोड, थंड, डोळ्यांत शिरणारा. मास्तरांच्या कपड्यांच्या पेटीला यायचा तसा.

"जू, ही तळाची फळी कसली आहे?"

वान-जूचा चेहरा उतरला. "कापराच्या झाडाची," ती म्हणाली. "बाबा सांगायचे, अशी फळी आता मिळत नाही. कसर लागत नाही, वाळवी लागत नाही." तिने घाईने पपईला बाहेर काढून खोक्यात ठेवलं. "कीड पळते म्हणजे सापालाही त्रास होणारच. मी पुस्तकात वाचलं होतं, वासाचं लाकूड वापरू नये म्हणून. वाचलं होतं, आणि तरी... बाबांची फळी म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही."

फळी उखडायला हवी होती. वान-जूने पहार हातात घेतली, फटीत घातली आणि थांबली. पुन्हा घातली, पुन्हा थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कापराच्या वासाने नव्हतं. वडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा तिने सगळी माणसं नीट बसवली होती, फुलं मोजून घेतली होती, आणि उरलेले डबे शेजारी वाटले होते.

"दे इकडे," लोआन म्हणाली.

"नको, मी करते."

"तू धर. मी ओढते."

फळी मोठा आवाज करून निघाली. खिळे पोरासारखे किंचाळले. दोघींनी मिळून ती स्वयंपाकघरात नेली आणि भिंतीला टेकवून ठेवली. पुढे लोआनने तिचे तुकडे करून तांदळाच्या पिंपांची झाकणं बनवली. शोकेसला साधं प्लायवूड बसलं, त्यावर न भिजणारं गुळगुळीत आच्छादन आणि वर नारळाच्या सालींचा जाड थर.

आता उरली मागची भिंत. नागडं लाकूड बरं दिसेना. "काहीतरी लावू," वान-जू म्हणाली. "हिच्या देशाचं चित्र."

"कुठला हिचा देश?"

"हिची जात अमेरिकेतली. पण ही ताइचुंगमध्ये एका फ्लॅटमध्ये जन्मली. ड्रॉवरमध्ये."

"मग हिने अमेरिका पाहिलेलीच नाही."

"हिने जमीनसुद्धा पाहिलेली नाही."

स्टुडिओच्या मागच्या खोलीत मास्तरांनी रंगवलेले पडदे गुंडाळून ठेवले होते. जोडप्यांना उभं करायचे ते. दोघींनी ते एकेक करून उलगडले. चेरीच्या फुलांचा आला, बर्फाच्या डोंगरांचा आला. मग एक राजवाडा, ज्याच्या एका खांबाची सावली उलट्या बाजूला पडली होती. वान-जू म्हणाली चेरीचा लावू, रंगाला खुलेल. लोआन हो म्हणणार होती. तेवढ्यात वान-जूने अगदी तळाची गुंडाळी ओढली.

"ती राहू दे," लोआन म्हणाली. "ती बिघडलेली आहे."

पण गुंडाळी उलगडत गेली होती. पाणीच पाणी. तपकिरी, हिरवट, क्षितिजापर्यंत पसरलेलं. त्या पाण्यातून ताडाची झाडं वर आली होती, पण त्यांचे शेंडे उलट्या धरलेल्या खराट्यांसारखे. एक नाव होती, जहाजासारखी फुगलेली. आणि सगळीकडे पिवळे ठिपके.

"हे बाबांचं? मी कधी पाहिलं नाही. कोणाचा फोटोही नाही यावर."

"कोणाला नकोच होता. लग्नाला कोण पुरापुढे उभं राहील?" लोआनने पडद्याची एक कड सरळ केली. "मी आले त्या वर्षी ते मला विचारायचे, तुझं गाव कसं आहे. मला शब्द येत नव्हते. मी म्हणायचे, पाणी. मोठं पाणी. झाड, पाण्यात. फूल, पिवळं, खातात. त्यांनी त्यावरून रंगवलं. मला दाखवलं, आणि मी हसले. इतकी हसले की त्यांनी ते गुंडाळून ठेवलं. हसायला नको होतं. पण खराटे बघ ना."

वान-जूने खराटे बघितले. "पाणी मात्र चांगलं जमलंय," ती म्हणाली.

"हो. पाणी तसंच आहे."

"तुमच्याकडे खरंच असं होतं?"

"पाणी चढलं की शेतं जायची, रस्ता जायचा. साप झाडांवर चढायचे. माझे वडील पहाटे नाव घेऊन निघायचे आणि झाडाझाडांवरून साप उतरवायचे, जशी फळं उतरवावीत. मी पुढे बसायचे, टोपली धरून. ही पिवळी फुलं नावेत पडायची. आई त्यांचं आंबट कालवण करायची." तिने पपईच्या खोक्याकडे पाहिलं. "तेव्हा मला त्यांची भीती वाटायची नाही आणि दयाही वाटायची नाही. फळंच होती ती."

वान-जूने कात्री आणली आणि लोआनच्या हातात दिली. "कुठून कापायचं ते तू सांग."

लोआनने नाव वगळली. दोन ताड, पिवळ्या फुलांचं एक झुडूप आणि उरलेलं सगळं पाणी, एवढं कापलं. रंगाचे पोपडे निघून सापाच्या अंगावर पडू नयेत म्हणून ते कापड मास्तरांच्या फोटोफ्रेमच्या मोठ्या काचेमागे दाबून मागच्या भिंतीला बसवलं. पेरूची फांदी त्याच्यापुढे आली तेव्हा ती त्या पाण्यातूनच वर आल्यासारखी दिसू लागली.

या वेळी पपई जाळीपाशी गेली नाही. तिने एकदा सगळ्या घराची कड चाचपली, मग नारळाच्या सालींत डोकं घातलं, आणि बघता बघता सगळी आत गेली. शेपटीचं टोक तेवढं थोडा वेळ राहिलं, मग तेही दिसेनासं झालं.

"आता बाहेर येईल तेव्हा येईल," वान-जू म्हणाली. "हाक मारून येत नसते ती."

दरम्यान वान-जूला कीलुंगमधल्या औषधांच्या दुकानात काम मिळालं. ती सकाळी जायची, संध्याकाळी यायची, आणि आल्या आल्या शोकेससमोर वाकायची. पपईचा पत्ता नसायचा. आत फक्त दिवा होता, फांदी होती, आणि मागे ते मोठं पाणी.

गल्लीतून जाणारे लोक मात्र थांबू लागले. इतकी वर्षं त्या काचेमागे झगा होता आणि मग अंधार होता. आता धुक्यात तिथे पिवळसर उजेड दिसायचा. लोक जवळ यायचे, काचेवरचं दव बाहीने पुसायचे. साप आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी दिसला नसता. त्यांना दिसायची ती नदी.

पहिल्या आल्या त्साओ काकू. "आत काहीच नाही की! दिवा कोणासाठी लावलाय?"

"राहणारी आहे आत. झोपलीये."

"आणि हे कुठलं चित्र? सन-मून लेक?"

"नाही काकू. माझं गाव."

"तुझं?" काकूंनी चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. अठरा-एकोणीस वर्षं त्या लोआनचे केस कापत आल्या होत्या. "तुझं गाव पाण्यात आहे?"

"वर्षातले काही महिने."

"मग तिथे चूल कशी पेटवतात?"

लोआनने सांगितलं, कशी पेटवतात. खांबांवरची घरं, मातीची उचलती शेगडी, खिडकीतून खाली सोडलेला गळ. काकू दारातच उभ्या राहून ऐकत राहिल्या. आत डोक्याला रंग लावून बसवलेल्या बाईने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे गेल्या. दुसऱ्या दिवशी टोफूवाला आला. त्याने पिवळ्या फुलांचं विचारलं. मग शाळेच्या शिक्षिका आल्या, स्टेशनवरचे एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी ताडांच्या शेंड्यांबद्दल शंका काढली, आणि ती बरोबरच होती. लोआनने हात पसरून, बोटं फाकवून त्यांना खरा ताड कसा असतो ते दाखवलं. बोलताना कुठे शब्द अडला की ती तो आपल्या भाषेत म्हणायची, आणि ऐकणारे तो घोळवून बघायचे आणि चुकवायचे.

संध्याकाळी ती वान-जूला सगळं सांगायची. वान-जू भात वाढता वाढता विचारायची, "आज काय काय विचारलं?"

"आज एकाने विचारलं, तिकडे परत जावंसं वाटतं का."

"मग?"

"म्हटलं, पाणी उतरलं की बघू." लोआनने कालवणाची वाटी पुढे सरकवली. "तू येशील? भाऊ आहे माझा तिथे. कोथिंबीर फार घालतात मात्र."

"मी निवडून खाईन," वान-जू म्हणाली.

एका दुपारी धुकं अगदी गल्लीच्या फरशीवर येऊन बसलं होतं. कोणी येत-जात नव्हतं. लोआन बाहेर वळचणीखाली, काचेसमोर स्टूल टाकून चहा पीत होती. तेव्हा नारळाच्या साली हलल्या.

आधी डोकं बाहेर आलं. मग पपई सावकाश, जराही घाई न करता, वर येत गेली. तिची कातडी निस्तेज झाली होती. कात टाकायची वेळ आली होती, म्हणूनच ती लपली असणार. ती फांदीच्या बुंध्याला गेली, खरखरीत सालीवर नाक घासलं, एकदा, दोनदा. ओठाच्या कडेला एक पातळ कापसासारखी घडी सुटली. मग ती फांदीवर चढू लागली, आणि जसजशी वर गेली तसतशी जुनी कातडी मागे मागे राहत गेली, पाण्यासारखी, आरपार दिसणारी. तिच्यातून निघालेली पपई ओल्या शेंदरासारखी चमकत होती. फांदीच्या टोकाला जाऊन तिने दोन वेढे घेतले आणि डोकं वेढ्यावर टेकवलं. मागे पूर होता, पिवळी फुलं होती.

लोआनने फोन उचलला, वान-जूला लावायला. मग विचार बदलला आणि ठेवून दिला. तिच्या हातातला चहा निवत गेला. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरत होती आणि विरत होती. थोड्या वेळाने ती उठली, गल्लीकडे वळली आणि समोरच्या दुकानाकडे बघून मोठ्याने ओरडली, "काकू! या, या लवकर! चष्मा घेऊन या!"